अण्णांच्या गालावरचा डाग

फौजदारबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला अटक केली नव्हती. नकाशांच्या कचेरीत त्यांनी जन्मभर ट्रेसिंग केलं. पण खुर्ची जरा सरकली तरी ‘कुणी सरकवली?’ असं विचारायची खोड. त्यावरून नाव पडलं ते पडलंच.

सध्या त्यांचा संशय सुनेवर होता.

थोरली बहीण, ताई, घर विकून उद्या कायमची लांब मुलाकडे निघाली होती. तिला द्यायच्या पांढऱ्या बशीवर बाईंना वडिलांचा, अण्णांचा चेहरा उतरवायचा होता. त्यासाठी डिकल पेपर आणलेला. घरच्या इंकजेट प्रिंटरवर त्याच्या चकचकीत बाजूला फोटो छापायचा, वाळू द्यायचा, वर लॅकरचे, म्हणजे पारदर्शक रोगणाचे, हलके फवारे मारायचे. मग पाण्यात भिजवला की चित्राची पातळ साय सुटते आणि बशीवर सरकवता येते. बाईंचं सगळं शिस्तीत चाललं होतं. प्रिंटरला कागद ‘ग्लॉसी फोटो’ सांगितलेला, दर्जा सर्वांत वरचा, नॉझल साफ. तरी दर वेळी अण्णांच्या गालावर फिकट डाग! शाई तिथे धरायचीच नाही, थेंब थेंब होऊन बसायची.

“तेलकट हात लागलाय,” बाई म्हणाल्या. “या घरात तेलकट हात कुणाचे?”

“माझे. स्वयंपाक मीच करते ना,” सून म्हणाली. “पण आई, तुमच्या खोलीत तुम्ही मला केर काढायलासुद्धा येऊ देत नाही.”

“मी झोपले की येत असशील.”

“तुम्ही झोपता कधी?”

बाईंनी कागदांच्या पाकिटाच्या तोंडावर एक केस चिकटवून ठेवला. केस जागचा हलला नाही, तरी डाग पडलाच. म्हणजे ही केससुद्धा परत चिकटवते, भलतीच पोहोचलेली आहे! पुढच्या कागदावर डाग चांगला ठसठशीत उठला. बाईंनी तो भिंगाखाली धरला. बारीक बारीक रेषा. अंगठा!

बाईंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शाईचं पॅड घेऊन त्या तडक स्वयंपाकघरात.

“उमटव.”

सुनेने अंगठा उमटवला आणि भिंग स्वतःच हातात घेतलं.

“आई, या ठशात आडवी चीर आहे. माझ्या अंगठ्याला आहे का कुठे?”

बाईंनी आपला अंगठा मुठीत लपवला. ट्रेसिंगवरची चुकलेली शाई ब्लेडने खरवडताना तो कापला होता, नोकरीच्या पहिल्याच वर्षी. आणि तिथलीच सवय: कागद हातात आला की अंगठा फिरवून गुळगुळीत बाजू चाचपायची, मगच कामाला लावायचा. डिकलचा प्रत्येक कागद त्यांनी तसाच चाचपला होता. गुडघ्याला मलम चोळलेल्या अंगठ्याने.

“हसू नकोस.”

“मी कुठे हसले?”

“आतून हसतेयस. कळतं मला.” बाई दारापर्यंत गेल्या, परत आल्या. “एकच कागद उरलाय. तू घाल प्रिंटरमध्ये. नुसता कडेला धरून.”

“आणि तुम्ही?”

“मी हात मागे बांधून उभी राहते.”

राहिल्याही. अण्णा स्वच्छ उतरले.

दुसऱ्या दिवशी ताईने बशी उजेडात फिरवून फिरवून पाहिली. मग धाकटीकडे बारीक डोळे करून म्हणाली, “हे तुला जमलं? खरं सांग, कुणाकडून करून घेतलंस?”

बाईंनी मानेने सुनेकडे खूण केली. “हात हिचे. पहारा माझा. आणि ताई, अंगठा काढ आधी अण्णांच्या गालावरून!”