रिव्हर्स का पडेना

मीरा रोडला सोसायटीत गाडी लावताना रिव्हर्स पडेना. नुसतं कर्र कर्र. नाक्यावरून बोलावलेल्या मेकॅनिकने दोनदा गिअर हलवून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, क्लच प्लेट गई. गिअरबॉक्स उतारना पडेगा."

मला लगेच संशय आला. धडधाकट गाडीचं पोट फाडायला टपलेली माणसं मी बरोब्बर ओळखतो! मी हँडब्रेक ओढला, कसाबसा तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन जागीच बंद पडलं.

"प्लेट गेली असती, तर इंजिन चालूच राहिलं असतं," मी वकिली थाटात जाहीर केलं. मागे बसलेल्या बायकोने चक्क टाळी वाजवली.

मेकॅनिक हसला. "पकड तो रही है, साहेब. छोड नहीं रही." मग तो वाकला आणि क्लचच्या पेडलखालून एक जाडजूड पायपुसणं ओढून काढलं. उत्तनच्या किनाऱ्यावरची वाळू गाडीच्या नव्या मॅटला लागू नये म्हणून ते अंथरलेलं होतं. आता पेडल पुरतं खाली गेलं आणि रिव्हर्स मुकाट्याने पडला.

"ये किसने बिछाया?"

मी संशयाने बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? त्या सीटवर बसू तरी देता का मला कधी?"