मोगऱ्याच्या कळ्या आणि चिनी चहा

मुलगा कंपनीच्या कामासाठी चीनला गेला होता. परत येताना त्यानं माझ्यासाठी हिरव्या चहाचा डबा आणला. दिग्रसच्या आमच्या घरात तोवर चहा म्हणजे दूध, साखर, आलं आणि दणदणीत उकळी. हाही मी तसाच उकळला. यजमानांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "अवं, काय करून ठेवलं हे? लयच कडू झालं नं!"

मी लगेच पुण्याला मुलाला फोन लावला. तो हसतच सुटला. "आई, दूध नाही, साखर नाही. पाणी उकळलं की जरा निवू दे, मग पानांवर ओत."

दुसऱ्या दिवशी काचेच्या ग्लासात तसा केला. चपटी पानं हळूहळू उलगडत तळाला गेली. चव आधी कोवळ्या गवतासारखी, मग जिभेवर गोडसर. मला तो एकदम आवडला! गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायचं आणि पिटुनियाच्या जांभळ्या फुलांशेजारी बसून ग्लास रिकामा करायचा, असा माझा नेमच झाला.

एकदा फोनवर मुलगा सहज बोलून गेला, "तिकडे या चहात मोगऱ्याच्या कळ्या ठेवतात. रात्रभरात वास पानांत उतरतो."

मी उडालेच. मोगरा तर माझ्या गच्चीवर होता! थंडी सरता सरता मी त्याचं पाणी तोडलं होतं, पानं ओरबाडून काढली होती, फांद्या छाटून शेणखत घातलं होतं. आता प्रत्येक फांदीला कोवळी पालवी फुटली होती. त्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ कळ्या शोधू लागले. फाल्गुनात ज्वारीच्या दाण्याएवढ्या हिरव्या कळ्या दिसल्या, तेव्हा मी जिन्यातूनच यजमानांना हाका मारल्या. होळीनंतर त्या पांढऱ्या झाल्या, टपोऱ्या झाल्या. आज संध्याकाळी तोडायच्या, असं ठरवलं.

आणि त्याच दुपारी शेजारच्या वहिनी ओरडल्या, "ताई, धावा! तुमच्या मोगऱ्यावर वांदरं!"

मी अनवाणी गच्चीवर पोचले. एक मोठं वानर कठड्यावर बसून माझ्या कळ्या शेंगदाण्यासारख्या खात होतं. बाकीची वानरं पिटुनिया उपटत होती. वहिनींनी त्यांच्या गच्चीवरून ताट बडवायला सुरुवात केली. मी काठी आपटत आरडाओरडा केला. शेवटी टोळी कडुनिंबावर उड्या मारत पसार झाली.

मी झाडाजवळ बसले. आतल्या फांद्यांवर ओंजळभर कळ्या वाचल्या होत्या. "चहात टाकायला एवढ्याच उरल्या," मी म्हणाले.

"ओंजळभर तं ओंजळभर," वहिनी म्हणाल्या. "पण ह्या चहात कायले टाकता? देवाले वाहा नं."

"उद्या सकाळी या, मग सांगते."

दिवेलागणीला कळ्या तोडल्या. स्टीलच्या डब्यात चहाचा थर, कळ्यांचा थर, वर पुन्हा चहा. झाकण लावून डबा ओट्यावर ठेवला.

सकाळी वहिनी आल्यावरच झाकण उघडलं. आत सगळ्या कळ्या उमलल्या होत्या आणि स्वयंपाकघरभर मोगरा पसरला. "अगं बाई!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो. फुलं वेचून काढली, पानांवर पाणी ओतलं. पहिला घोट घेताना वास आधी नाकात शिरला, मग घशात उतरला. वहिनींनी डोळेच मिटले. यजमान पेपर टाकून आत आले. "काय करून राह्यल्या तुम्ही दोघी?" मी ग्लास पुढे केला. त्यांनी तो उभ्या उभ्या संपवला आणि पुन्हा पुढे धरला.

वहिनी तोवर दाराशी पोचल्या होत्या. "माझ्या मोगऱ्याले आज लय कळ्या हायेत. संध्याकाळी डबा घेऊन इकडंच या!"