रुसणं सोडलेला मामा

चाकणपासून चिंचवडपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात आमच्या मामाइतका तयारीचा रुसणारा माणूस दुसरा झालेला नाही, हे मी आजही कुणाशीही पैज लावून सांगेन. तसे रुसणारे आमच्याकडे पुष्कळ. प्रत्येक लग्नात दोन-चार तरी असतातच. कुणाला टोपी लहान आली, कुणाच्या नारळाला शेंडी नव्हती, कुणाचं नाव माइकवरून उशिरा पुकारलं. पण हे सगळे हौशी, जिलबीचं ताट समोर आलं की विरघळणारे. मामाचं रुसणं मात्र पक्कं असायचं. माझ्या बारशाला नाव ठेवताना आत्याने त्याला विचारलं नाही, म्हणून मी शाळेत जाईपर्यंत त्याने माझं नाव तोंडातून काढलं नाही. मला तो 'दाजींची पोरगी' म्हणायचा. मावसभावाच्या साखरपुड्यात पाहुण्यांनी त्याला 'या' म्हटलं पण 'बसा' म्हणायचं राहून गेलं, तर हा पठ्ठ्या जेवणं उरकेपर्यंत भर मांडवात खांबाला खेटून उभा राहिला. येणारा-जाणारा विचारायचा, मामा, बसा की. त्यावर उत्तर ठरलेलं, "बसायचं आमाला कुणी सांगितलं न्हाई."

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. चाकणच्या अलीकडच्या गावातला, थोडी शेती आणि कंपनीत फिटरची नोकरी. आम्ही रहाटणीचे. आमच्याकडे काही कार्य निघालं की आई आधी मांडववाल्याला फोन करायची नाही, मामाला करायची, कारण मांडववाला उशिरा सांगितलं म्हणून रुसत नाही. मामाच्या रुसण्याची एक पद्धत होती. तो तडक उठायचा, स्कूटरला किक मारायचा आणि चालत्या माणसाला गाठता येईल अशा बेताने गाडी हाकायचा. कोपऱ्यापर्यंत कुणी मागे आलं नाही तर तिथे उतरून प्लग साफ करत बसायचा. इतका स्वच्छ प्लग असलेली स्कूटर जिल्ह्यात दुसरी नसेल. मग पप्पा, आई आणि दोघे-तिघे जाणते असं मनवणारं मंडळ कोपऱ्यावर जायचं, दंडाला धरायचं, मामा दोनदा हात सोडवून घ्यायचा आणि तिसऱ्यांदा यायचा. भटजीसुद्धा मुहूर्ताच्या हिशेबात मामाच्या रुसण्याची सवड ठेवायचे. नोकऱ्याही त्याने अशाच सोडल्या. एका कंपनीत कँटीनवाल्याने त्याच्या मागच्याला आधी चहा दिला, दुसरीत साहेबाने सगळ्यांच्या देखत 'अरे' म्हटलं. कंपनी काही स्कूटरच्या मागे धावत नाही, हे त्याला दर वेळी नव्याने कळायचं.

आणि हा माणूस ख्रिस्ती झाला.

झालं ते असं. शेवटच्या कंपनीत नवं मशीन आलं आणि ते चालवायला मामाऐवजी एका पोरगेल्या फिटरला दिलं. मामा जेवणाच्या सुट्टीत कंपाउंडच्या भिंतीला लागून एका दगडावर जाऊन बसला. मनवायला कुणीही आलं नाही. नगरकडचा एक ख्रिस्ती फिटर तेवढा डबा घेऊन आला, शेजारी बसला, अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली आणि काही न विचारता जेवू लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. 'का रुसलास' नाही, 'चल आत' नाही. असं बरेच दिवस चाललं. शेवटी मामाच चिडला आणि म्हणाला, तुला माझ्याकडनं पाहिजे तरी काय? तो म्हणाला, काही नाही, रविवारी मोकळा असशील तर प्रार्थनेला ये. काळेवाडीत एका हार्डवेअरच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर त्यांची प्रार्थना भरते. मामा गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्याने बाप्तिस्मा घेतला. लोकांनी कारणं शोधली. कुणी म्हणालं काहीतरी मिळालं असेल, कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला. मी त्याला सरळ विचारलं, तेव्हा तो जे बोलला ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "पोरी, जल्मभर मला मनवायला लोक आलं, पण त्यांचं काम अडलं म्हणून आलं. लगीन अडलं, मुहूर्त अडला. येशूचं माझ्यावाचून काय अडलं व्हतं? तरी आला. मग मी उठलो."

मी स्वतः देवळात जाते, चतुर्थी धरते, आणि मामाच्या प्रार्थनेतलं मला फारसं कळत नाही. पण या उत्तरावर मला अजून कुणी उलटं उत्तर देऊन दाखवलेलं नाही.

रुसणं सोडल्यावर मामाने पहिलं काम काढलं ते माफी मागत फिरायचं. ज्या-ज्या घरावर तो कधी रुसला होता त्या-त्या घरी गेला, म्हणजे जवळपास सगळ्याच. नातेवाईक घाबरले. मामा आपण होऊन दारात, तोही हात जोडून, म्हणजे जमिनीची काहीतरी भानगड असणार, असं समजून एका चुलत्याने म्हणे वकिलालाच फोन लावला. भोसरीला स्वतःच्या म्हाताऱ्या आत्याकडे गेला तेव्हा तर कहर झाला. हा तिच्या पायाशी बसून म्हणाला, "आत्या, तुज्या घरच्या पंगतीत मला जिलबी वाढायची ऱ्हायली, तवा मी तुज्यावर रुसलो व्हतो, मला माफ कर." आत्या म्हणाली, "तू रुसला व्हतास? आन् मी समजत व्हते तुला ड्युटीमुळं यायला जमत न्हाई." एवढी वर्षं हा आपल्यावर रुसलेला होता आणि आपल्याला पत्ताच नव्हता, याचा तिला इतका राग आला की तीच रुसून बसली. तिला मनवायला मामाला तिच्याकडे मुक्कामच करावा लागला.

लग्नांची तर पार घडी विस्कटली. भटजींनी ठेवलेली सवड रिकामी जायला लागली, अक्षता वेळेवर पडायला लागल्या आणि निम्मे पाहुणे लग्न लागून गेल्यावर पोचायला लागले. मामा मागच्या रांगेत बसायचा, वाढप्यांच्या हातातल्या बादल्या घ्यायचा, टोपी मिळाली तर घालायचा, नाही मिळाली तर नाही. लोकांना चैन पडेना. याच्या मनात नक्की काहीतरी मोठं शिजतंय, असं सगळे म्हणायचे. माणूस पार संत झाला असंही नाही. जेवायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करायची सवय त्याला लागली आणि त्या प्रार्थनेला शेवट नसायचा. टपरीवर वडापाव हातात घेऊन तो जगातल्या सगळ्या दुखणेकऱ्यांची नावं घ्यायचा, वडा गारढोण व्हायचा, मागचं गिऱ्हाईक खोळंबायचं. कंपनीत एकदा त्याने सुपरवायझरसाठी भर वर्कशॉपमध्ये नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना केली, तर तो सुपरवायझर दुसरी शिफ्ट मागून निघून गेला.

सगळं हसण्यावारी चाललं होतं, माझं लग्न ठरेपर्यंत. आमच्याकडे मुलीला मांडवात आणतो तो मामा, आणि अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच. माझे थोरले चुलते, म्हणजे आण्णा, हे आमच्या घरचे कर्ते. पप्पांनी जन्मात त्यांच्यापुढे मान वर केली नव्हती. आण्णांनी ठरवलं की बाटलेला माणूस पोरीच्या पाठीशी उभा राहणार नाही. पत्रिकेतून मामाचं नाव गेलं, आईच्या एका चुलतभावाचं आलं. आईने डोळ्यांना पदर लावला. मी आण्णांच्या तोंडावर सांगितलं की माझा मामा नसेल तर मीही मांडवात येणार नाही. ते म्हणाले, पोरींनी यात बोलू नये. मी वाकडला एका कंपनीत टीम सांभाळते, दिवसभर लोक माझं ऐकतात, पण घरी माझ्या बोलण्याला ही किंमत. तिकडे प्रार्थनेतल्या काही जणांनीही मामाला सांगितलं होतं की तसल्या लग्नात उभं राहणं बरं नव्हे. त्यांनाही त्याने उत्तर दिलं होतं, "पोर माझी हाय. तिच्या पाठीशी उभं राहायला माझा देव मला न्हाई म्हणायचा न्हाई. त्योबी लग्नाला जायचा."

पत्रिकेतून नाव काढणं म्हणजे केवढा अपमान, हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. जुना मामा असता तर आमच्या घरासमोरच्या रस्त्यावरूनही पुन्हा गेला नसता. हा लग्नाच्या दिवशी फुलवाल्याच्याही आधी लॉन्सवर हजर. आण्णांच्या पोरांनी सांगितलं, मामा, तुम्ही जा. तो 'बरं' म्हणाला आणि गेला नाही. फाटकाशी जाऊन गाड्या लावू लागला. कुठूनशी एक शिट्टी पैदा केली आणि रहाटणीतल्या भल्याभल्यांच्या गाड्या एका रांगेत आणल्या. पुन्हा कुणीतरी येऊन सांगितलं, तुम्ही निघा आता. पुन्हा 'बरं', आणि पुन्हा शिट्टी.

माइकवरून पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावे." आईचा चुलतभाऊ नवा फेटा बांधून माझ्या खोलीत आला. मी खुर्चीतून उठले नाही. म्हटलं, माझा मामा पार्किंगमध्ये आहे, त्याला बोलवा. बायका समजावू लागल्या, आई माझ्या पायाशी बसली, करवल्या रडकुंडीला आल्या. बाहेर पुकारा चालूच. मी शालू आवरून बसून राहिले. शेवटी माझा भाऊ धावत जाऊन मामाला घेऊन आला. घामाने शर्ट भिजलेला, गळ्यात छोटा क्रूस आणि त्याच्या शेजारी ती शिट्टी. दारात आण्णा आडवे उभे.

आण्णा ओरडले नाहीत. ते म्हणाले, "तुजं तिकडं काय चाललंय त्यात आमी पडत न्हाई. पर आज पोरीमागं उभं राहायचं असंल तर गळ्यातलं ते काढून ठेव, आन् या चार माणसांत म्हण की माजं चुकलं. आमाला आमचा जुना मामा पाहिजे."

मामाने कपाळावरचा घाम पुसला. "आण्णा, जुना मामा कुठनं आणू? तो ऱ्हायला न्हाई. आन् तो असता तर पत्रिका बघूनच रुसून गेला असता, आज तुमाला गावला नसता. सकाळधरनं तुमी मला जा म्हणताय आन् मी हितंच उभा हाय. ज्याच्यामुळं उभा हाय, तेच काढून ठिवा म्हणताय व्हय?"

मग पप्पा पुढे आले. मला म्हणाले, "ऊठ. मामाचा हात धर." थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर पप्पा गेले ते त्या दिवशी, पहिल्यांदा.

मामा माझ्या पाठीशी उभा राहिला, गळ्यात क्रूस तसाच. शिट्टी तेवढी आईने काढून घेतली. मंगलाष्टकं चालली होती तेव्हा मागून त्याचं पुटपुटणं मला ऐकू येत होतं. तो त्याच्या देवाला माझं नाव सांगत होता. अक्षता त्याच्याही डोक्यावर पडत होत्या. कुणाला त्यात काही वावगं वाटलं असेल तर वाटो. माझं लग्न दोन देवांच्या साक्षीनं लागलं असं मी मानते, आणि त्यातला एकही रागावलेला नाही.

रागावले ते आण्णा. अक्षता पडायच्या आत ते बाहेर पडले आणि स्वतःच्या गाडीत काचा वर करून बसले. पंगत बसली तेव्हा मी विचारलं, मामा कुठे आहे? भाऊ म्हणाला, आण्णांच्या गाडीपाशी उभा आहे, जेवला नाही. जेवायला बोलवायला गेलो तर म्हणाला, माणूस रुसून बसलाय आन् आपण कसं जेवायचं. म्हणे आण्णांनी एकदा काच जराशी खाली केली, 'जेवून घे जा' एवढं म्हणाले आणि काच परत वर केली. मामा हलला नाही.

पाठवणीच्या वेळी सगळे फाटकाशी जमले. आई रडली, पप्पा रडले, ज्या करवल्यांशी मी सकाळी भांडले होते त्याही रडल्या. मी एकेकाच्या गळ्यात पडत होते आणि डोळ्यांनी मामाला शोधत होते. ज्याच्यासाठी मी सगळा मांडव खोळंबून ठेवला तो माझ्या पाठवणीला नव्हता. गाडीत बसल्यावर दिसला, पार पलीकडे, रिकाम्या होत आलेल्या रांगेत. आण्णांच्या काचेपाशी वाकून, माझ्याकडे पाठ करून काहीतरी बोलत होता. माझा नवरा म्हणाला, "बोलावू का त्यांना?"

मला वाटत होतं की बोलव. मला त्याचा हात डोक्यावर हवा होता, आणि आण्णांचा इतका राग येत होता की सांगता येत नाही. पण मामा माझ्याकडे आला असता तर आण्णांना वाटलं असतं की मनवणारा शेवटी कंटाळून गेला. मी म्हटलं, "नको, राहू दे." आई-पप्पांसाठी माझं रडून झालं होतं. आता मी मामासाठी रडत होते. गाडी काळेवाडीकडे वळेपर्यंत मी मागच्या काचेतून बघत राहिले, आणि तो तसाच वाकून उभा होता.