चाखलेलंही खाण्यात धरायचं

"तुम्ही आत्ता यकृत देऊ शकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा वाटलं, रिपोर्ट कुणाशी तरी बदलले. अर्ध्या नाशिक जिल्ह्याला मी सांगून आलो होतो की आक्काला तुकडा कशाला, सगळंच यकृत काढून देतो, माझं मागून उगवेल!

आक्का माझी थोरली बहीण. सिरोसिसने, म्हणजे यकृत निबर होऊन, हळदीसारखी पिवळी पडलेली. जुळणारा मी एकटाच. आणि माझ्याच यकृतात चरबी.

"मूळ दुखणं इन्सुलिन रेझिस्टन्स," बाई म्हणाल्या. "शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. मग स्वादुपिंड लिलावातल्यासारखं आणखी मोठ्याने ओरडतं, आणखी इन्सुलिन सोडतं. जास्तीच्या साखरेची यकृत चरबी करतं. पुढे हृदय, मूत्रपिंडं, कुणीच सुटत नाही. गोड किती खाता?"

"बाई, पुरणपोळीकडे पाठ करून बसतो मी!"

"आणि सीझनला दिवसाला बागा किती?" मागून बायको म्हणाली.

मी द्राक्षांचा दलाल. दिंडोरी ते निफाड, जिचा मणी माझ्या जिभेवर आला नाही ती बागच नव्हे. घडाचा वरचा मणी, मधला, खालचा. दर मळ्यात गोड चहा वेगळा. पण आमच्या धंद्यात चाखलेलं कुणी खाल्लेलं धरत नाही. बाईंनी मणी मोजायला लावले. मोजता मोजता माझा आवाज बसला.

"ही चरबी उतरवायला तीन महिने," त्या म्हणाल्या. "त्याहून जास्त आक्कांकडे नाहीत."

चहा सुटला. पहाटे इतका चाललो की गंगापूर रोड झिजला असेल. मणी चाखून थुंकू लागलो.

"भाऊ, आमचा माल थुंकता व्हय?" एक बागवाला भडकला.

"बहिणीला यकृत द्यायचंय."

मग तो स्वतःच मला चूळ भरायला तांब्या घेऊन आला.

तिकडे हॉस्पिटलात दर आठवड्याला आक्काच्या पोटातलं पाणी काढत. मी बाहेर बाकावर बसून राही. तिथे मला एकही थाप सुचली नाही.

कंबर वाढली, मान काळवंडली, तर उन्हाने रापली म्हणू नका, मी तेच म्हणत राहिलो. तपासून घ्या. हे दुखत नाही, हीच त्याची लबाडी.

बाराव्या आठवड्यात पुन्हा स्कॅन झाला. बाईंनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवला. "चालेल."

ऑपरेशननंतर सातव्या दिवशी भिंतीला धरून आक्काच्या खोलीत गेलो. तिच्या डोळ्यांतलं पांढरं आता पांढरंच दिसत होतं. शंभर व्यापाऱ्यांत बोलताना न थांबणारा मी, दारातच थांबलो.

"उभा काय राहिलास?" ती म्हणाली. "बस. टाके ओढतील."