आईचा प्रश्न घेऊन लखनौला

सांगलीहून येऊन कल्याणला लखनौच्या गाडीत बसले तेव्हा सामान फार नव्हतं. एक बॅग, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. जड होता तो आईचा निरोप. माझा धाकटा भाऊ मोहन रेल्वेत इंजिनियर होता. नोकरीपायी लखनौला गेला आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिला. गेल्या वर्षी त्याची बायको विद्या वारली. त्यानंतर तो बायबल वाचायला लागला, रविवारी चर्चमध्ये जायला लागला, आणि आता बाप्तिस्मा घ्यायचं ठरवतोय, असं त्याने आपणहून फोनवर आईला सांगितलं. आमच्या सांगलीच्या घरात बरेच दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग आई मला म्हणाली, “तू जाऊन ये. वाद घालू नकोस. मी गेल्यावर अग्नी देणार का, तेवढं विचार.”

या कामाला मला पाठवण्यात जरा गंमतच होती. घरात देव न मानणारी मी एकटी. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. आईच्या देवपूजेची फुलं मी आणते ती तिचे गुडघे दुखतात म्हणून.

लखनौला चारबागमध्ये दोन स्टेशनं शेजारी शेजारी आहेत. एकाला अजून ‘छोटी लाइन’ म्हणतात, रूळ केव्हाच मोठे झाले तरी. माझी गाडी तिथे लागली. बाहेर पडले तर समोर घुमटांची ती लाल-पांढरी इमारत दिसली, आणि मी बॅग ओढत सरळ तिकडे चालू लागले. दुसऱ्या स्टेशनाच्या दारात उभी राहून मी घुमट न्याहाळत होते आणि मोहन छोटी लाइनच्या दारात मला शोधत होता. दोघं एकमेकांना एकाच वेळी फोन लावत होतो, त्यामुळे लागतही नव्हता. एका ऑटोवाल्याने माझी तगमग पाहून विचारलं, तेव्हा मी भाऊ शोधतेय म्हटलं. “आपके भैया छोटी लाइन पे खड़े होंगे, अम्मा. सबके साथ यही होता है.”

अखेर मोहन घामाघूम होऊन आला. वाळला होता. “जन्मभर इथे नोकरी केली आणि सख्खी बहीण हरवली,” म्हणाला, आणि त्या गर्दीत वाकून त्याने मला नमस्कार केला. वाकतो अजून, हे मी मनात टिपून ठेवलं.

त्याचं घर विकास नगरमध्ये, पहिल्या मजल्यावर. खाली भाजीबाजार, समोर शिकवणीच्या वर्गाचे मोठमोठे फलक. त्याची मुलगी मुग्धा बँकेत आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. मोहन आंघोळीला गेल्यावर ती हळूच म्हणाली, “आत्या, पापा से लड़ना मत, हाँ? मैं पहले ही लड़ चुकी हूँ.”

“मग कोण जिंकलं?”

“कोई नहीं. वो पूरा सुनते हैं, फिर सब्ज़ी लेने चले जाते हैं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गॅलरीत गेले, तर मोहन खुर्चीत डोळे मिटून बसला होता आणि हलक्या आवाजात मराठीतच बोलत होता. आधी आईचं नाव आलं, तिच्या गुडघ्यांसकट. मग मुग्धाचं. मग “ताईचा प्रवास नीट झाला, आभार.” शेवटी शेजारच्या मिश्राजींचं ऑपरेशन. मी चहा घेऊन पावलं न वाजवता आत आले. माझ्या प्रवासाबद्दल आजवर कुणी कुणाचे आभार मानले नव्हते, आणि मला ते कानकोंडं करून गेलं. पुढेही रोज सकाळी तेच कानावर आलं, माझ्या नावासकट.

नाश्त्याला त्याने खस्ता आणला होता (आपली कचोरीच, पण पदर सुटलेली, सोबत बटाट्याची झणझणीत भाजी). खाता खाता मी विषय काढला. वाद घालायचा नाही हे आईचं म्हणणं मी फक्त अग्नीच्या प्रश्नापुरतं पाळायचं ठरवलं होतं.

“विद्या परत भेटेल असं बायबलात लिहिलंय, म्हणून धरलंस ना?”

“म्हणूनच आधी विश्वास ठेवला नाही,” तो म्हणाला. हॉस्पिटलमध्ये शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी विद्याला ते पुस्तक दिलं होतं. शेवटी शेवटी तिला वाचवेना, तेव्हा मोहन वाचून दाखवायचा. “ती गेल्यावर मी ते चुका काढायला उघडलं. अपघाताच्या चौकशांवर मी किती वर्षं बसलो, तुला ठाऊक आहे. ज्याला जबाबाचा फायदा आहे, त्याचं म्हणणं आम्ही सगळ्यात शेवटी खरं धरतो. इथे फायदा माझा होता. म्हणून जास्त कसून वाचलं.”

“आणि चुका सापडल्या नाहीत?”

“सापडल्या ना. मेल्यानंतर तिसऱ्या दिवशी येशू थडग्यात नव्हता, हे त्याचं चरित्र सांगणाऱ्या चौघांनी लिहिलंय आणि चौघांचं तंतोतंत जुळत नाही. थडग्यापाशी कोण बाई गेली, कोण दिसलं, सगळं थोडं इकडेतिकडे.”

“मग? न जुळणारं सगळं खरं असतं, तर माझ्या दहावीच्या वर्गाचे पेपर वेदवाक्य झाले असते.”

तो मनापासून हसला. विद्या गेल्यावर तो असा हसल्याचं मुग्धाला आठवत नव्हतं, तिने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. “अगं, पाच जणांचे जबाब शब्दाला शब्द जुळले की आम्ही समजायचो, हे रात्री एकत्र बसले होते. खरे साक्षीदार मुद्द्यावर जुळतात, तपशिलात हलतात. आणि दुसरं, खोटा माणूस आपली लाज झाकतो. इथे तर येशूला पकडल्यावर त्याचा पट्टशिष्यच म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. बाकीचे पळून गेले. पहिल्या साक्षीदार बायका, ज्यांचं तेव्हा कोर्टातही कुणी ऐकत नसे. रचायचंच असतं तर असं कोण रचेल?”

“प्रामाणिक माणसांचीही चूक होते, मोहन.”

“होते. ते मी नाकारत नाही.”

“आणि देव? त्याचा जबाब कुठे आहे?”

“कुणी पाहिलेलं नाही, कागदावर काही नाही, तरी माणूस आपणहून येऊन सांगतो, साहेब, चूक माझी. नोकरी जाणार हे माहीत असून. असे मी पाहिलेत. तो कुणाला उत्तर देत होता, ताई?”

“स्वतःच्या मनाला.”

“मन तर सगळ्यात आधी फितूर होतं.”

मला पटलं असं नाही. माझ्याजवळ उत्तरं होती आणि मी ती दिलीही. पण तो उठून भाजी आणायला गेला नाही.

आईचा प्रश्न मात्र विचारायचा राहूनच गेला. तो मी लखनौजवळच्या मलिहाबादला विचारला. दशहरी आंब्यांसाठी मोहन मला तिकडे घेऊन गेला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागाच बागा, फांद्या जमिनीला टेकलेल्या. बागवानाने विचारलं, “डाल का लीजिएगा या पाल का?” डाल म्हणजे झाडावर पिकलेला. पाल म्हणजे आपली आढी. सांगलीपर्यंत न्यायचे म्हटल्यावर त्याने आढीत घालायचे कच्चे निवडायला घेतले. आम्ही झाडाखाली बसलो आणि मी आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

मोहनचा चेहरा उतरला. “हे तिला विचारावंसं वाटलं?” म्हणाला. मला त्याची फार दया आली आणि आईचीही.

“देईन,” तो म्हणाला. “पण नुसतं देईन एवढंच सांगू नकोस, तो अर्धा जबाब होईल. गुरुजी मंत्र म्हणतील तेव्हा मी मनात माझ्या प्रभूची प्रार्थना करत असेन, हेही सांग. ते तिला नको असेल तर तिने दुसऱ्या कुणाला सांगावं. तरीही मी येईन. मागे उभा राहीन.”

परतताना तो मला योग्य स्टेशनावर सोडायला आला. गाडी हलली तरी खिडकीबरोबर चालत होता.

सांगलीला पोचेपर्यंत काही आंबे पिकले होते. आईला कापून दिले आणि सगळं सांगितलं, जबाबाच्या दुसऱ्या अर्ध्यासकट. तो गाळून सांगायचा मोह मला सबंध प्रवासात होता. आई फोड हातात धरून ऐकत होती.

“त्या प्रार्थनेत तो माझं नाव घेतो?” तिने विचारलं.

“रोज. सगळ्यात आधी तुझंच. गुडघ्यांसकट.”

“मग त्यालाच देऊ दे,” आई म्हणाली. मग फोड खाल्ली. “आणि तुझं घेतो?”

“घेतो.”

“बरं झालं. तुझ्यासाठी देवाला सांगायला मी एकटीच पडत होते.”

मी अजून देव मानत नाही. फुलं पूर्वीसारखीच आणते. पण सकाळी परडी घेऊन निघाले की आठवतं, आत्ता विकास नगरच्या गॅलरीत माझं नाव निघालं असेल. ते कुणी ऐकतं की नाही, मला माहीत नाही. निघतं, याचा मला आधार वाटतो.