मोठ्या बाई मागे डावीकडे

मी गाडी शिकले बेचाळिसाव्या वर्षी, आणि शिकल्याबरोबर एक जुनी, लहानशी पांढरी गाडी घेतली. आमची जिल्हा परिषदेची शाळा लातूरहून मुरुडला जाताना रस्त्यापासून आत. एसटी फाट्यावर सोडायची, पुढं दोन किलोमीटर पायी. गाडी आली तशी ही पायपीट बंद झाली, पण फक्त माझी नव्हे. गणिताचे सर माझ्या शेजारी बसू लागले, कारण माझं गाडी चालवणं तपासायला कुणीतरी हवं असं त्यांचं मत होतं. आणि मागे मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका.

मुख्याध्यापिकेला सगळ्याच शाळांत मोठ्या बाई म्हणतात. आमच्या बाईंना मात्र ते नाव सगळ्या बाजूंनी शोभायचं. आवाज असा की प्रार्थनेला माईक लागत नसे. त्या मागे डावीकडे बसायच्या, डबा आणि पर्स उजवीकडे ठेवायच्या आणि दार ओढून घेत म्हणायच्या, "हाव, चला."

दिवाळीची सुट्टी संपली आणि गाडीला आवाज यायला लागला. स्पीडब्रेकर आला की मागून खडक्. खड्डा आला की खडक्. शिवाय स्टीअरिंग हाताला हलकं लागायचं, आणि सरळ रस्त्यावर गाडी हळूहळू डावीकडच्या उसाकडे निघायची.

मी रविवारी गाडी गॅरेजवाल्या उस्तादांकडे नेली. उस्ताद सत्तरीचे, अंगानं काडी, पण रिंग रोडवर त्यांच्या हाताला मान होता. त्यांनी गाडी स्वतः चालवली, मी शेजारी. लातुरातला एकही स्पीडब्रेकर त्यांनी सोडला नाही. गाडी गप्प.

"बाई, काहीच वाजून न्हाई राहिलं."

"अहो, रोज वाजतं."

"कुणाला ऐकू येतं?"

"आम्हा तिघांनाही."

त्यांनी पुढची चाकं उचलली. चाक वर-खाली धरून हलवलं, मग आडवं धरून हलवलं. "वर-खाली हाललं तर बॉल जॉइंट गेला. आडवं हाललं तर टाय रॉड. हितं कायबी हालत न्हाई." मागं येऊन त्यांनी डिकी दाबून बघितली. गाडी एकदा खाली गेली, वर आली आणि थांबली. "शॉकअपबी बरे हायत." मी फारच आग्रह केला म्हणून चाकांची अलाइनमेंट करून दिली.

सोमवारी शाळेला निघालो. पहिलाच स्पीडब्रेकर. खडक्.

मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी उस्ताद फार मायेनं म्हणाले, "बाई, वाईट नका वाटून घेऊ. एकदा कानाच्या डॉक्टरला दाखवा."

हे मी गाडीत सांगितलं तेव्हा गणिताचे सर खवळले. "तिघांचे कान एकदम कसे बिघडतील?" त्यांनी पिशवीतून कोरी वही काढली आणि रोजच्या नोंदी सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाईंना सांगितलं, "बाई, डावीकडे ऊन येतंय, उजवीकडे बसा." बाई उजवीकडे बसल्या. त्या दिवशी गाडी शांत गेली. त्याच्या पुढच्या दिवशी बाई रजेवर. गाडी शांत, आणि स्टीअरिंग चक्क जड.

शाळेच्या आवारात सरांनी मला लिंबाच्या झाडाखाली बोलावलं आणि इकडंतिकडं बघत म्हणाले, "आलं का लक्षात?"

लक्षात आलं होतं. पण ते बाईंना सांगायचं कुणी? आमचे गोपनीय अहवाल त्या लिहायच्या. शेवटी सर म्हणाले, "माणूसच पाहिजे असं थोडंच हाय? वजन पाहिजे."

रविवारी आम्ही सरांच्या शेतातली सोयाबीनची दोन पोती मागच्या सीटवर डावीकडे उभी केली आणि निघालो. मी जरा जोरातच घेतली. पहिल्याच खड्ड्यात एक पोतं घसरलं, दाराच्या कडीला अडकून फाटलं, आणि सोयाबीन सीटखाली, पायाखाली, सरांच्या बुटात गेलं. त्या खळखळाटात खडक् झालं की नाही ते दोघांनाही कळलं नाही.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि आम्ही परत निघालो. बाई आपल्या जागेवर. थोड्या वेळानं मागून वाचण्याचा आवाज आला. सरांची वही मागच्या सीटवर राहिली होती.

"सोमवार. मो. बाई मागे डावीकडे. आवाज आठ वेळा." पान उलटलं. "मंगळवार. मो. बाई मागे उजवीकडे. आवाज नाही. बुधवार. मो. बाई रजेवर. आवाज नाही."

मी आरशात न बघता गाडी चालवत राहिले.

"रविवार. मो. बाईंऐवजी सोयाबीन. पोतं फुटलं. निष्कर्ष नाही."

मग बाई म्हणाल्या, "माझ्याऐवजी पोतं बसवलंत?"

"दोन पोती, बाई," सर घाईनं म्हणाले. त्यांना बहुतेक बाईंचा मान राखायचा होता.

त्या वेळी गाडी स्पीडब्रेकरवरून गेली आणि मागून खडक् झालं. बाईंनी वही मिटली. मला वाटलं, आता उतरतात आणि फाट्यावर एसटीची वाट बघतात. त्या म्हणाल्या, "घरी नको. तुमच्या त्या उस्तादाकडं घ्या."

गॅरेजात बाई उतरल्याच नाहीत. काच खाली करून त्यांनी उस्तादांना जवळ बोलावलं. "मी बसले की वाजतं. आता बघा."

उस्तादांनी दोन्ही हात जोडले. गाडी गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर घ्यायला लावली आणि बॅटरी घेऊन स्वतः खाली उतरले. खालून आवाज आला, "बाई, जरा हालता का?"

बाई हलल्या. मागच्या मुलांना गप्प करायला जशा सर्रकन वळतात तशा वळल्या. खडक्.

"अजून एकदा."

खडक्.

"दिसलं! या अल्ला, दिसलं!"

उस्ताद वर आले तेव्हा त्यांच्या दाढीला चिखल लागला होता. मागच्या डाव्या स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटला होता. गाडी मोकळी असली की तुटलेलं टोक चिखलात आपल्या जागी बसून राहायचं आणि स्प्रिंग शाबूत दिसायची. वजन आलं की टोक सटकायचं. मागची बाजू खाली बसायची, पुढची चाकं हलकी व्हायची, म्हणून स्टीअरिंगही हलकं.

"हे टोक टायरात घुसलं असतं तर?" सरांनी विचारलं.

उस्तादांनी नुसता हात उताणा केला. रोज ऐंशीनं चालवत होते मी.

"म्हणजे मी बसत नसते तर?" बाई म्हणाल्या.

"तर कळलंच नसतं, बाई," उस्ताद म्हणाले.

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही जमिनीकडे पाहत होतो; त्या तेलकट जमिनीत बघण्यासारखं काही नव्हतं, पण आम्ही फार लक्ष देऊन पाहत होतो. उस्तादांनी दोन्ही स्प्रिंगा बदलल्या. एकच बदलली तर गाडी कलते म्हणाले. तुटका तुकडा बाईंनी मागून घेतला आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

सोमवारी गाडी अशी चालली की सरांना तपासायला काही उरलं नाही. प्रार्थनेनंतर बाईंनी तो तुकडा सगळ्या मुलांना दाखवला आणि वजन, स्प्रिंग, सुरक्षा यावर वीस मिनिटं बोलल्या. सोयाबीनचा उल्लेख केला नाही. त्या वर्षीचे आमचे अहवालही चांगले आले, हे मी त्यांच्याबद्दल आवर्जून सांगते.

महिन्याभरानं उस्तादांचा फोन आला. आवाजात संकोच होता. "बाई, एक गाडी आलीय. मालक म्हणतो वाजतं, मला वाजून न्हाई राहिलं. रविवारी तुमच्या मोठ्या बाई मोकळ्या हायत का?"

मी भीत भीत निरोप पोचवला. बाईंनी क्षणभर विचार केला.

"कोणत्या बाजूला बसायचंय, विचारा," त्या म्हणाल्या.