रुमालाखालचा हात

“ताई, एवढं एकदा करून दाखवा. रुमालाखाली हात कसा देतात ते. म्हंजे लोकांना समजंल.”

असं म्हणून त्यानं गळ्यातला पंचा काढला आणि माझ्यासमोर धरला. तिशीतला माणूस. मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवतो. एका हातात माईक, माईकला चॅनलच्या नावाचा लाल ठोकळा. त्याचा जोडीदार मोबाईल धरून चार पावलं मागं उभा. आम्ही पोलीस ठाण्याच्या आवारात लिंबाखाली होतो. आदल्या दिवशी सकाळी जनावरांच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं माझ्यावर बळजबरी केली होती. तक्रार देऊन, दवाखान्यातली तपासणी उरकून, जबाबावर सही करून मी नुकतीच बाहेर आले होते. कालपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

मी पंच्याखाली हात घातला.

ही माझी चूक. आधी तीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसदी नको.

मी शेळ्या-बोकडांचा व्यापार करते. धारूरच्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवरून माल उचलायचा, आठवडी बाजारात विकायचा. नवऱ्यानं सोडलं तेव्हा माझ्याकडं दोन शेळ्या होत्या, त्यातली एक लंगडी. बारा वर्षांत माझा स्वतःचा पिकअप झाला. कुणाच्या मेहेरबानीनं नाही, जिभेच्या जोरावर. दात बघून बोकडाचं वय सांगते आणि डोळे बघून गिऱ्हाइकाची गरज. घासाघीस करून मला हरवलेला माणूस दाखवा. तोंड फाटकं आहे, राग नाकावर आहे, हे मलाही माहीत आहे.

आमच्या बाजारात भाव बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, त्यावरून आकडा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. आणि नियम असा, की रुमालाखालचं रुमालाखालीच राहतं. कुणी किती सांगितलं, कुठं अडलं, बाहेर बोलायचं नाही. बाईनं रुमालात हात घालायचा नाही, हाही एक नियमच होता. तो कुणी कधी बोलून दाखवला नव्हता, कारण मी येईपर्यंत तशी वेळच आली नव्हती.

मला बोटांचे आकडे शिकवले रज्जाकचाचांनी. साठीच्या पुढचे, पांढऱ्या दाढीचे, बाजारातले जुने व्यापारी. पहिल्या दिवशी माणसं हसली तेव्हा ते त्यांच्यावर खेकसले होते, “हसताय कावून बे? बोटात काय बाई-बाप्या असतंय?”

म्हणून मी त्या बातमीवाल्याच्या पंच्याखाली हात घातला. माल दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाचा भरोसा बसत नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. वाटलं, लोकांना एकदा दिसू दे. ही धंद्याची रीत आहे, यात दुसरं काही नाही. मी त्याला समजावून सांगितलं. हे बोट धरलं की एवढं, हे पेर दाबलं की तेवढं. सांगताना मी हसले. बारा वर्षांची सवय. हात रुमालात गेला की चेहरा हसरा ठेवायचा, समोरच्याला आपली अडचण दिसू द्यायची नाही.

संध्याकाळी बातमी आली. मथळा होता, ‘रुमालाखालचा सौदा फिसकटला, म्हणून गंभीर आरोप?’

शेवटी प्रश्नचिन्ह. त्या चिन्हाच्या आडोशाला बसून माणसाला काहीही म्हणता येतं. उद्या कुणी जाब विचारला तर म्हणायचं, आम्ही तर फक्त विचारलं.

कायद्यानं माझं तोंड दाखवता येत नाही, म्हणून तोंड धुरकट केलं होतं. हात तसाच ठेवला होता. माझ्या उजव्या करंगळीचं वरचं पेर नाही. लहानपणी कडबा तोडताना गेलं. तो हात अख्खा बाजार ओळखतो, तोंडापेक्षा जास्त ओळखतो. आणि तेच दृश्य फिरून फिरून. पंच्याखाली जाणारा माझा हात, वर धुरकट तोंड, त्या धुरातून दिसणारे दात. मागं कुणाचा तरी आवाज सांगत होता, “पतीपासून विभक्त राहणारी ही महिला सूर्योदयापूर्वीच बाजारात हजर होती, अशी परिसरात चर्चा आहे.”

सूर्योदयापूर्वी बाजारात सगळेच हजर असतात. खाटीक, दलाल, टेम्पोवाले, चहावाला. माझ्यावर बळजबरी करणारा तो व्यापारीही हजर होता. त्याच्याबद्दल बातमीत एवढंच, ‘प्रतिष्ठित घराण्यातील व्यापारी’. एका पुढाऱ्याचा पुतण्या आहे तो. त्याची बायको सोबत राहते का, तो इतक्या सकाळी तिथं काय करत होता, याची परिसरात चर्चा नव्हती.

त्या सकाळी त्यानं रुमालाखाली माझ्या तळहातावर बोट फिरवलं. आकड्यांत असं बोट नाही. मी हात ओढून घेतला आणि म्हणाले, “भाव बोल, न्हाईतर वाट सोड.” तो हसला. अर्ध्या तासानं परत आला. म्हणाला, तू सांगशील त्या भावानं पाच बोकडं घेतो, पत्र्याच्या शेडात बांधून दे. माल बांधून देणं हे विकणाऱ्याचंच काम. मी खाली वाकून दावी बांधत होते. त्यानं दार लावून घेतलं.

पुढचं मी न्यायाधीशांसमोर सांगितलं आहे. इथं सांगणार नाही. ऐकणारे चुकचुकतात, आणि चुकचुकून झालं की विचारतात, “पन वरडली कावून न्हाईस?” अहो, बोकडं ओरडत होती. जनावरांच्या बाजारात कुणाचं ओरडणं कुणाला वेगळं ऐकू येतं?

बातमीखाली लोकांनी लिहिलं होतं. मी सगळं वाचलं. वाचू नये म्हणतात, पण कोण काय म्हणालं हे मला माहीत असावं लागतं. एकानं लिहिलं, हात दिला की माणूस पुढं येणारच. दुसऱ्यानं लिहिलं, बाईनं बाईच्या जागी राहावं. एकानं नुसतीच हसणारी तोंडं टाकली होती, सात. एका शिकलेल्या मास्तरांनी लिहिलं होतं, दोन्ही बाजू तपासल्या पाहिजेत. त्यांच्या नातवाच्या जावळाला बोकड माझ्याकडून गेलं होतं. तेव्हा त्यांनी बोकडाच्या सगळ्या बाजू तपासल्या होत्या, आणि मी देवाचं काम म्हणून भाव ओढला नव्हता. हे मी विसरणार नाही.

पुढच्या बाजाराला मी गेले. बोकडं रांगेत बांधली, हातावर रुमाल टाकून उभी राहिले. कुणी हात घातला नाही. चहाच्या टपरीवर तोच व्हिडिओ लावलेला. माझाच आवाज मला ऐकू येत होता, हे बोट धरलं की एवढं. एकानं माझ्याकडं बघत दुसऱ्याला हाक मारली, “ए, हात जपून बे! केस व्हईल!” आख्खी टपरी खिदळली. मी शिवी दिली. तेवढ्यापुरतं बरं वाटलं. दुपारी सगळा माल परत पिकअपमध्ये चढवला. त्याच्या पुढच्या बाजारालाही तसंच. बोकडं चढवून, उतरवून, पुन्हा चढवून माझे खांदे भरून आले होते. दुखणं तेवढंच नव्हतं. मी मुळातच दमले होते. दात घासायचाही कंटाळा यायचा.

तिसऱ्या बाजाराला रज्जाकचाचा माझ्या गाडीपाशी आले. माझ्याकडं न बघता बोकडाच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

“बेटी, त्या पुढाऱ्याकडचा निरोप हाय. कोर्टात जबाब फिरव. पुढच्या बाजारी सगळे तुला हात देतील. त्याचा पुतण्या बी चार मान्सांत म्हनंल, गलतफहमी झाली.”

“कुनाची गलतफहमी चाचा? त्याची का माझी?”

“आता ते इचारू नको. तू सौदागर हाय. लई ताणलं की तुटतं, तुला काय सांगायचं?”

“आन् तुमी काय म्हन्ता?”

चाचांनी बोकडाचं दावं सोडून पुन्हा बांधलं. मग म्हणाले, “रुमालाखालचं रुमालाखाली ऱ्हावं, बेटी. मीच शिकवलं तुला. शिकवलं नसतं तर बरं झालं असतं.”

त्या सात हसणाऱ्या तोंडांपेक्षा हे वाक्य खोल गेलं. चाचा वाईट माणूस नाहीत. माझ्या पडत्या काळात त्यांनी माझ्या शेळ्यांना पाला टाकला आहे. पण झाल्या गोष्टीचं मूळ शोधताना त्यांनाही त्या व्यापाऱ्याचा हात सापडला नाही, माझाच सापडला.

खोटं सांगत नाही, मी विचार केला. म्हणाले, पुढच्या बाजारी सांगते. आमच्याकडं ‘सांगते’ म्हणजे अर्धा सौदा झाला. चाचांना तसंच वाटलं. मलाही तसंच वाटत होतं.

त्याच दिवशी दिवेलागणीला शांताबाई दारात आली. आमच्याच गल्लीतली. ऊसतोडीला जाणारं घर. तीन वर्षांपूर्वी तिच्या वीस वर्षांच्या लेकीवर उसाच्या फडाजवळ एकानं जबरदस्ती केली होती. त्यानंतर शांताबाई माझ्याशी बोलत नव्हती. का बोलत नव्हती, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

मी पाणी दिलं. तिनं घेतलं नाही.

“तुला धीर द्यायला आले न्हाई,” ती म्हणाली. “एक इचारायला आले. माझ्या लेकीची बातमी आली हुती मोबाईलवर. तवा वट्ट्यावर बसून तू काय म्हनली हुतीस, ध्यानात हाय का?”

होतं. पाच बायका बसल्या होत्या. मी बातमी मोठ्यानं वाचून दाखवली होती आणि वर माझं मत दिलं होतं. “एकली पोरगी पानी आनायला तिकडं कावून गेली म्हन्ते मी?” सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माझ्या शब्दाला गल्लीत वजन आहे.

“हाय ध्यानात,” मी म्हणाले.

“मंग सांग. पानी कुठून आनायचं असतंय?”

तिनं न घेतलेला पाण्याचा तांब्या मी खाली ठेवला.

शांताबाईच पुढं बोलली. “आमी जबाब फिरवला. लोक म्हनले, इज्जत वाचंल. पोरगी परळीला मावशीकडं हाय. तीन वर्सं झाली, उंबऱ्याच्या भाईर येत न्हाई. तुझ्याबी कानावर निरोप आला म्हनं. तुझं तू बघ. पन आपली इज्जत वाचली, असं मला येऊन सांगू नको.”

मी माफी मागितली. तिनं घेतली नाही. बरं केलं. लगेच मिळाली असती तर मी ती खिशात घालून विसरून गेले असते.

त्या संध्याकाळी मला कळलं. ‘ती तिथं गेलीच कशाला’ हा प्रश्न बातमीवाल्यानं कुठून लांबून आणला नव्हता. तो माझ्या ओट्यावरच पडला होता. मीच तिथं टाकला होता. त्यानं उचलला, त्याला माईक लावला आणि माझ्याच दारात आणून ठेवला.

पुढच्या बाजाराला चाचा स्वतःचा रुमाल हातावर टाकून उभे होते. स्वच्छ धुतलेला. मी हात घातला की सगळ्या बाजाराला समजणार होतं, बाई मानली. टपरीशी तो व्यापारी उभा होता, पुढारी काकाची माणसं घेऊन. बातमीवालाही आलेला. मोबाईल वर झाले.

मी चाचांच्या हातावरचा रुमाल उचलला. नीट घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली. मग बोकडाच्या कानाला धरून मोठ्यानं ओरडले, “दोनदाती बोकड!” आणि पाठोपाठ भाव सांगितला. आकडा. उघड्यावर. त्या मैदानात असं कुणी कधी केलं नव्हतं. पलीकडचे दलालही वळून बघायला लागले.

“बेटी, असं करू नको,” चाचा हळू म्हणाले.

“आता दुसरं आयका,” मी ओरडले. “त्या शेडात ह्यानं माझ्यावर जबरदस्ती केली. मी हात दिला हुता भावासाठी. जबाब फिरवनार न्हाई.”

त्याच्याकडं बोट दाखवलं. करंगळीचं पेर नसलेला हात होता तोच.

कुणी हसलं नाही. कुणी पुढंही आलं नाही. बातमीवाला तेवढा पळत आला. “ताई, मागून रेकॉर्डिंग नीट आलं न्हाई. परत एकदा मोठ्यानं बोला की.”

“एकदाच सांगते,” मी म्हणाले. “आता कोर्टात.”

त्या दिवशी एकही बोकड विकलं गेलं नाही. त्यानंतरच्या बाजारांतही फारसं नाही. मी आता दूरच्या बाजारांनाही माल नेते. डिझेल जास्त जळतं, अंग जास्त दुखतं. चाचा लांबून सलाम करतात, जवळ येत नाहीत. शांताबाई अजून माझ्याशी बोलत नाही. आमच्या ओट्यावर मात्र तो प्रश्न आता कुणी विचारत नाही. परवा एकीनं तोंड उघडलं होतं, कुठल्याशा पोरीची बातमी बघून. मी तिला विचारलं, पाणी कुठून आणायचं असतं. ती उठून गेली. पुन्हा आली तर पुन्हा विचारणार आहे.

तारखा पडतात. मी जाते. त्याचा वकील उभा राहील आणि मला विचारील, सूर्य उगवायच्या आत तुम्ही तिथं कशाला गेला होता. मी सांगणार, बोकडं विकायला. तो शब्द फिरवून दहा वेळा विचारील. मी दहा वेळा तेच सांगणार. आयुष्यभर भाव कमी-जास्त केले, या एका गोष्टीत करणार नाही.

आणि धारूरचा डोंगर उतरून येत्या बाजारालाही मी तिथंच जाणार आहे. सूर्य उगवायच्या आत.